कूर्चेतली प्रथिनं एकमेकांना कशी धरतात : बोकडाच्या गुडघ्यावर करून बघायची रीत

कूर्चेतली, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असणाऱ्या गुळगुळीत आवरणातली, प्रथिनं शिकवताना मी मुलांना आधी चित्र काढू देत नाही. ॲग्रिकन, हायलुरोनन, कोलॅजेन आणि त्यांच्यामध्ये बाण, हे चित्र कुणालाही पाठ करता येतं. पण त्यातला प्रत्येक बाण कुणीतरी ती जोडी तोडून, परत जमवून दाखवली म्हणून तिथे आला आहे. तोडायला काय लागलं? मीठ पुरलं, धातूचे आयन काढून घ्यावे लागले, की ग्वानिडीनसारख्या, प्रथिनांच्या घड्या उलगडणाऱ्या जहाल रसायनापर्यंत जावं लागलं? आणि तोडणारी वस्तू काढून घेतल्यावर जोडी परत जमली का? ही दोन्ही उत्तरं हातात असतील तर बाण काढा, एकच असेल तर पेन्सिलीने काढा. कोल्हापुरात आमच्या प्रयोगशाळेत एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ज्या क्रमाने मी हे करून घेते, तो इथे लिहिते आहे. फार महागडी यंत्रं नसलेल्या कॉलेजातही यातलं बरंच होतं.

आधी मंडळींची ओळख. कूर्चेत साठ ते ऐंशी टक्के पाणीच असतं आणि पेशी अगदी विरळ. बाकीचं काम पेशींबाहेरच्या मॅट्रिक्सचं. त्यात मुख्य धागे टाइप-दोन कोलॅजेनचे, त्यांच्यात टाइप-नऊ आणि टाइप-अकरा गुंफलेले. या जाळीत ॲग्रिकन अडकलेलं असतं. त्याच्या प्रथिनाच्या कण्यावर कॉन्ड्रॉइटिन सल्फेट या साखरांच्या शंभराच्या आसपास साखळ्या असतात आणि त्या सगळ्या ऋणभारित. ऋणभार आयन ओढतात, आयनांमागून पाणी येतं, ॲग्रिकन फुगू पाहतं आणि कोलॅजेनची जाळी त्याला फुगू देत नाही. आपण जिना उतरतो तेव्हा गुडघा जो भार पेलतो तो या ओढाताणीच्या जोरावर. ॲग्रिकनने जागेवर राहावं म्हणून त्याचं जी-१ हे टोक हायलुरोनन या साखरांच्याच लांबलचक साखळीला धरतं, आणि लिंक प्रोटीन नावाचं लहानसं प्रथिन दोघांनाही एकाच वेळी धरून ती पकड पक्की करतं. याशिवाय कोलॅजेनच्या धाग्यांवर बसणारी मंडळी आहेत: कॉम्प, मॅट्रिलिन, डेकोरिन, फायब्रोमॉड्युलिन. कॉम्पला पाच हात असतात, म्हणजे पाच सारखे रेणू एका टोकाशी बांधलेले. हे पाच हात शेवटी एका हिशेबात घोटाळा करतात, ते पुढे सांगते.

माल कसा घ्यायचा

या विषयातले पायाभूत प्रयोग बैलाच्या नाकातल्या पडद्याच्या कूर्चेवर झाले. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून ती बैल आणि वळू यांनाही लागू आहे, त्यामुळे तो माल इथे नाही. म्हशीची कूर्चा चालते. पण कोल्हापुरात मटणाला काय तोटा! बोकडाचा मागच्या पायाचा गुडघा सर्वांत सोपा. मी ज्यांच्याकडून घेते ते मामा आता मी काही बोलायच्या आत विचारतात, "बाई, अख्खाच देऊ न्हवं? फोडू नको न्हवं?" अख्खाच हवा. सांध्याचं आवरण शाबूत असेल तर आतली कूर्चा ओली आणि स्वच्छ राहते. सत्तूर लागला की हाडाचा मगज आणि रक्त सगळीकडे पसरतं, आणि मगजासोबत प्रथिनं कापणारी विकरं (एन्झाइम्स) येतात. त्याच सकाळचा गुडघा, बर्फात ठेवून, थेट प्रयोगशाळेत. मेलेल्या जनावराचा माल असला तरी संस्थेच्या प्राणी-नीती समितीला लेखी कळवून ठेवा, पुढे प्रबंधात त्याची विचारणा होते.

गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा कापला की सांधा उघडतो. आत मांडीच्या हाडाची दोन गोल टोकं दिसतात, निळसर पांढरी, ओल्या शिंपल्यासारखी चमकणारी. स्काल्पेल आडवा धरून पातळ कापा काढायच्या. ब्लेड कूर्चेत असतं तोवर सरसर जातं. खाली क्षार साठलेला थर लागला की पात्याखाली करकर जाणवते आणि कापेची कड गुलाबी दिसू लागते. तिथे थांबायचं. दोन हाडांच्या मधल्या चंद्रकोरीसारख्या गाद्या काढून बाजूला ठेवा. त्यांत मुख्यतः टाइप-एक कोलॅजेन असतं, त्या मिसळल्या तर पुढचं काहीच वाचता येत नाही. कापा फॉस्फेट बफरच्या थेंबांनी ओल्या ठेवत मिलिमीटरभर तुकडे करा, टिपकागदावर हलकेच टिपा आणि ओलं वजन वहीत लिहा. ग्रॅमभर कूर्चा मिळाली तरी पुरते.

मिक्सर वापरायचा नाही. १९६९ पर्यंत बरेच लोक कूर्चा वेगाने घुसळूनच काढत आणि त्यात हे प्रचंड रेणू फाटून जात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात सॅजडेरा आणि हॅस्कल यांनी त्या वर्षी दाखवलं की, कूर्चेचे काप चार मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइडमध्ये नुसते भिजत ठेवले तरी प्रोटिओग्लायकन, म्हणजे ॲग्रिकनसारखी साखळ्या लागलेली प्रथिनं, बहुतेक सगळी बाहेर येतात. फाटत नाहीत, फक्त एकमेकांना सोडतात. सोडतात, म्हणजे परत धरूही शकतात. पुढचा सगळा शोध या एका गोष्टीवर उभा आहे.

तीन अंघोळी

तेच तुकडे एकामागून एक तीन द्रावणांत भिजवायचे, सगळं चार अंश सेल्सिअसला, सावकाश फिरवत.

पहिलं द्रावण: ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.४, त्यात ०.१५ मोलर मीठ. रक्त, सांध्यातलं वंगण आणि नुसतं चिकटलेलं बाकी सगळं यात जातं. दुसरं द्रावण तेच, पण १० मिलिमोलर ईडीटीए घातलेलं. ईडीटीए कॅल्शियम, जस्त वगैरे धातूंचे आयन पकडून घेतं, म्हणून ज्यांची पकड या आयनांवर आहे ती प्रथिनं इथे सुटतात. कॉम्पची मोठी मात्रा या द्रावणात सापडते. तिसरं द्रावण चार मोलर ग्वानिडीनचं, ५० मिलिमोलर सोडियम ॲसिटेट, पीएच ५.८, ग्रॅममागे सुमारे १५ मिलिलिटर, ४८ तास.

प्रत्येक द्रावणात विकररोधक हवेतच: बेन्झामिडीन, एन-एथिलमॅलिमाइड आणि पीएमएसएफ. पहिल्या द्रावणात मात्र ईडीटीए चुकूनही घालू नका. तयार विकररोधक गोळ्यांच्या बऱ्याच प्रकारांत ते असतं, वेष्टण वाचून घ्या. नाहीतर पहिल्या आणि दुसऱ्या द्रावणातला फरकच पुसला जाईल. पीएमएसएफ पाण्यात फार टिकत नाही, ते अगदी शेवटी घालायचं. ही पावडर आणि एन-एथिलमॅलिमाइड दोन्ही विषारी आहेत. हातमोजे घालून, धूर ओढणाऱ्या कपाटातच वजन करा.

ग्वानिडीनबद्दल एक हातचं ज्ञान. १०० मिलिलिटरला ३८.२ ग्रॅम लागतं आणि ते विरघळताना द्रावणाचं आकारमान खूप वाढतं. पन्नास-पंचावन्न मिलिलिटर पाण्यापासून सुरू करा आणि शेवटी १०० ला आणा. विरघळताना भांडं हाताला गार लागतं. म्हणून पीएच खोलीच्या तापमानाला आल्यावरच बघायचा.

प्रत्येक द्रावणानंतर थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा भाग वेगळा ठेवा. तिसऱ्यानंतरही जे तुकडे उरतात ते टाकू नका. ते कोलॅजेनचं जाळं आहे, सहसंयुज बंधांनी शिवलेलं, ग्वानिडीनला न बधणारं. मोठ्या माणसाच्या कूर्चेतल्या कोलॅजेनचं अर्धायुष्य शंभर वर्षांहून जास्त निघालं आहे. आपण जन्मभर त्याच धाग्यांवर चालतो.

काय कुठे आलं ते मोजणं

साखळ्यांसाठी डायमेथिलमेथिलीन ब्लू. निळ्या रंगात सल्फेटयुक्त साखळ्या आल्या की तो जांभळा होतो. ५२५ नॅनोमीटरला मोजायचं, कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या प्रमाणित द्रावणांशी ताडून. रंग मिसळल्यापासून घाई करा. थोड्याच वेळात गाळ बसू लागतो आणि आकडे घसरतात. नमुन्यात ग्वानिडीन असेल तर भरपूर पातळ करा आणि तेवढंच ग्वानिडीन प्रमाणित द्रावणांतही घाला. साखळ्यांचा मोठा वाटा तिसऱ्या द्रावणात दिसला पाहिजे. पहिल्यातच दिसला तर जनावर म्हातारं होतं, सांधा बिघडलेला होता किंवा माल शिळा होता.

प्रथिनांसाठी जेल, म्हणजे वीज लावून प्रथिनं आकारानुसार वेगळी करायची पद्धत. इथे नवी मुलं हमखास अडतात. ग्वानिडीन आणि एसडीएस (जेलच्या बफरमधलं साबणासारखं रसायन) एकत्र आले की दह्यासारखा साका बसतो आणि जेलमध्ये काहीच उतरत नाही. आधी नमुन्यात नऊ पट थंड अल्कोहोल घाला, रात्रभर उणे वीसला ठेवा, साका फिरवून खाली बसवा, परत अल्कोहोलने धुवा आणि मग जेलच्या बफरमध्ये घ्या. ॲग्रिकन तरीही जेलच्या तोंडाशीच बसून राहील. ते बघायचं तर कॉन्ड्रॉइटिनेज एबीसीने साखळ्या कापून घ्याव्या लागतात. दुसऱ्या द्रावणाचे दोन नमुने शेजारी-शेजारी चालवा, एक प्रथिनांमधले गंधकाचे बंध तोडणारं मर्काप्टोएथेनॉल घालून, एक न घालता. घातलेल्यात शंभर किलोडाल्टनच्या थोडं वर पट्टी दिसते आणि न घातलेल्यात ती नाहीशी होऊन अगदी वर, पाचशेच्या पुढे जाते. ते कॉम्प, पाच हातांसकट. ही पट्टी पहिल्यांदा दिसते तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात, आणि मला स्वतःला ती दर वर्षी तेवढाच आनंद देते.

आता जोडून बघा

एखादं प्रथिन ईडीटीएने सुटलं एवढ्यावरून त्याला कुणी धरलं होतं हे कळत नाही. जोडीदार ठरवायचा तर परत जोडून बघायला लागतं.

ॲग्रिकन आणि हायलुरोननची जोडी बघायला द्रावणाची श्यानता, म्हणजे दाटपणा, मोजणारा ओस्टवाल्डचा काचेचा व्हिस्कोमीटर पुरतो, आणि तो प्रत्येक जुन्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात धूळ खात पडलेला असतो. तिसऱ्या द्रावणाचे दोन भाग करा. एक तसाच ठेवा. दुसरा डायलिसिसच्या, म्हणजे फक्त लहान रेणू आरपार जाऊ देणाऱ्या, पिशवीत घालून सात पट ग्वानिडीनविरहित ॲसिटेट बफरमध्ये ठेवा. एकास सात म्हणजे चार मोलरचं अर्धा मोलर होतं, आणि अर्ध्या मोलरला जोड्या परत जमतात. पिशवी निम्मीच भरा, पाणी आत ओढलं जाऊन ती टम्म फुगते. मग दोन्हींची श्यानता एकाच तापमानाला मोजा आणि प्रत्येकाला त्याच्याच रिकाम्या बफरने भागा, कारण नुसतं ग्वानिडीनही पाण्याहून घट्ट असतं. डायलिसिस केलेला भाग नळीतून लक्षात येण्याइतका सावकाश उतरतो. प्रथिनं तीच असतात, फक्त आता शेकड्याने एका साखळीला लटकलेली.

एवढ्याने "दाट झालं" हे कळलं, "हायलुरोननमुळे झालं" हे नाही. ते सिद्ध करण्याची सुंदर रीत लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये टिम हार्डिंगहॅम आणि हेलन म्यूर यांनी घालून दिली. १९७२ मध्ये त्यांनी दाखवलं की, शुद्ध प्रोटिओग्लायकनमध्ये वजनाने एक टक्क्याहून कमी हायलुरोनन घातलं तरी रेणूंचा आकार आणि श्यानता एकदम वाढते. नंतर हायलुरोननचे बारके तुकडे घालून पाहिले. दहा साखरांचा तुकडा जी-१ मध्ये बसून जोडी अडवतो, त्याहून लहान तुकड्यांना ती ताकद नाही. म्हणजे जी-१ च्या पकडीची लांबीच मोजली गेली, कुठलाही क्ष-किरण न वापरता. या हेलन म्यूरबाईंचा जन्म १९२० मध्ये नैनितालचा. वर्गात हे सांगितलं की मुली जरा ताठ बसतात, म्हणून मी सांगतेच.

तुम्हीही तुकड्यांची चाचणी करा. हायलुरोनन वृषणातल्या हायलुरोनिडेजने अर्धवट पचवा आणि नंतर उकळून विकर मारून टाका. ते जिवंत राहिलं तर कॉन्ड्रॉइटिन सल्फेटही कापत सुटेल. एका नळीत तुकडे डायलिसिसच्या आधी घाला, दुसरीत नंतर. पिशवी एक किलोडाल्टनहून मोठे रेणू न सोडणारी घ्या, नाहीतर दहा साखरांचे तुकडे गळून जातील. आधी घातलेल्या नळीत द्रावण दाट होऊ नये. नंतर घातलेल्यात ते बहुतांशी दाटच राहतं, कारण तोवर लिंक प्रोटीन जागेवर बसलेलं असतं आणि ते बसल्यावर तुकड्यांना शिरकाव नसतो. लिंक प्रोटीनचं काम एवढ्या स्वस्तात दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही. ज्यांना नितळ निकाल हवा असेल त्यांनी सीझियम क्लोराइडच्या घनता-उतारावर ॲग्रिकन आधी वेगळं करून घ्यावं, पण त्याला अल्ट्रासेंट्रिफ्यूज लागतो, तो मोठ्या संस्थेत वेळ मागून मिळवावा लागतो.

कॉम्प आणि कोलॅजेनची जोडी प्लेटवर बघायची. टाइप-दोन कोलॅजेन सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळवून थंडीतच प्लेटच्या खाचांना लावा. गरम केलं तर त्याची तिपेडी रचना सुटून जिलेटिन होतं. काही खाचांत मुद्दाम उकळलेलं लावा, तुलनेला उपयोगी पडतं. रिकाम्या जागा अल्ब्युमिनने भरा. मग कॉम्प सोडा. काही खाचांत जस्ताचे आयन, काहींत कॅल्शियम, काहींत ईडीटीए. धुऊन कॉम्प ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने (अँटिबॉडीने) मोजा. जस्त असेल तिथे रंग चढतो, ईडीटीएच्या खाचा कोऱ्या राहतात. कॉम्पचं कोलॅजेनशी असलेलं जस्तावलंबी नातं १९९८ मध्ये अशाच बंधन-चाचण्यांतून आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं गेलं. कोलॅजेनच्या ३०० नॅनोमीटर लांब रेणूवर कॉम्पच्या हाताचं मोकळं टोक ठरावीक चारच जागी बसलेलं दिसलं. एक पथ्य: धुण्यासाठी फॉस्फेट बफर घेऊ नका, ट्रिसच घ्या. जस्त आणि फॉस्फेटचा साका बसतो आणि सगळीकडे थोडाथोडा रंग दिसून पोरं हताश होतात.

कुठल्या निकालावर विश्वास ठेवू नये

ॲग्रिकनवर इतका ऋणभार आहे की धनभारित काहीही त्याला चिकटतं. लायसोझाइम चिकटतं, मेलेल्या पेशींतले हिस्टोन चिकटतात. प्रतिपिंडाने ॲग्रिकन ओढलं आणि त्यासोबत पन्नास प्रथिनं आली, तर ती पन्नास नाती नव्हेत. तीच ओढ अर्धा मोलर मिठात करा, आणि एकदा मोकळं कॉन्ड्रॉइटिन सल्फेट भरपूर घालून करा. दोन्ही वेळी टिकेल ते पुढे न्या.

दुसरा घोटाळा पाच हातांचा. पृष्ठभागावर कोलॅजेन दाट लावलं की कॉम्प एकाच वेळी अनेक हातांनी धरतं, एक हात सुटला तरी बाकीचे असतात, आणि पकड प्रत्यक्षाहून कितीतरी घट्ट भासते. पकड किती घट्ट ते मोजणाऱ्या सरफेस प्लाझमॉन यंत्रावर तर हे हमखास होतं. कोलॅजेनचं प्रमाण कमी-कमी करत मोजा. पकडीचा आकडा त्यासोबत बदलत गेला तर तो आकडा एका हाताचा नाही, आणि प्रबंधात तसंच लिहा.

प्रयोगशाळेबाहेरचा पुरावाही जमेला धरा. मल्टिपल एपिफिसियल डिस्प्लेशिया या हाडवाढीच्या आजारात कुणाच्या कॉम्पच्या जनुकात बिघाड सापडतो, कुणाच्या टाइप-नऊ कोलॅजेनच्या, कुणाच्या मॅट्रिलिन-३ च्या. प्लेटवर एकमेकांना धरणारी ही तिघं माणसात एकच आजार देतात, तेव्हा प्लेटवरच्या बाणाला वजन येतं. प्रथिनांची रचना बघायला युनिप्रॉट हा प्रथिनांचा ऑनलाइन माहितीसाठा उघडा, नोंद-क्रमांक असे: मानवी ॲग्रिकन पी-१६११२, कॉम्प पी-४९७४७, लिंक प्रोटीन पी-१०९१५. आधी नोंदलेल्या जोड्या मॅट्रिक्सडीबी या दुसऱ्या माहितीसाठ्यात मिळतील. तिथेही प्रत्येक नोंदीखाली कुठल्या पद्धतीने जोडी दिसली ते दिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय नोंद घेऊ नका.

शेवटचा प्रयोग ज्यांच्याकडे पेशी वाढवायची सोय आहे त्यांच्यासाठी. ताजे, जिवंत तुकडे निर्जंतुक माध्यमात ठेवून अर्ध्यांना इंटरल्युकिन-१ (दाह भडकवणारं प्रथिन) द्या. दिवसांतच माध्यमात साखळ्या वाढू लागतात, कोलॅजेन मात्र बराच काळ जागेवर असतं. संधिवातात कूर्चा झिजते तेव्हा ॲग्रिकनचा हायलुरोननवरचा हात सुटला असेल असं मुलांना वाटतं. तो सुटलेला नसतो. ॲडॅमटीएस-४ आणि ॲडॅमटीएस-५ ही विकरं जी-१ च्या लगेच पुढे, ३७३ व्या ग्लुटामिक आम्ल आणि ३७४ व्या ॲलॅनिनच्या मध्ये, ॲग्रिकनचा कणाच कापतात. साखळ्यांचा मोठा तुकडा वाहून जातो आणि जी-१ तिथेच हायलुरोननला धरून बसतं. म्हणून नुसतं माध्यम तपासून भागत नाही. माध्यमातला नमुना कॉन्ड्रॉइटिनेजने साफ करून एआरजीएस (वाहून गेलेल्या तुकड्याचं कापलेलं) टोक ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने बघा, आणि उरलेले तुकडे ग्वानिडीनमध्ये भिजवून त्यांत निटेज (मागे राहिलेल्या जी-१ चं कापलेलं) टोक ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने. दोन्ही पट्ट्या एकाच कागदावर शेजारी-शेजारी चिकटवा, इंटरल्युकिन दिलेले आणि न दिलेले तुकडे एकाच जेलवर, आणि प्रत्येक खाचेत किती मिलिग्रॅम ओल्या कूर्चेइतका माल घातला ते खाली लिहा.